सात महिने वापरलेले नॉन-स्लिप किचन शूज: बूट चांगलेत, पण सोल घासायला वेळ कुठंय?

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते खाली येईलच. हॉटेलच्या किचनमध्ये भांडी धुण्याच्या सेक्शनला, आमच्यात त्याला स्टीवर्डिंग म्हणतात, तिथे मी ११ वर्षं काढलीत, दिवसाचे नऊ-दहा तास ओल्या फरशीवर उभं राहून, त्यामुळे बुटाबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजा. बूट म्हणजे ते काळे, पुढून-मागून पूर्ण बंद, लेस नसलेले, वरचा भाग मायक्रोफायबरचा, खाली रबरी सोल आणि आतलं इनसोल काढता येणारं. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण असे बूट बरेच जण बनवतात आणि नावापेक्षा लेबलवर काय छापलंय ते वाचता आलं पाहिजे. मला ते कोणी शिकवलं नव्हतं, पडल्यावर शिकले.

तर पडले कशी. तेव्हा जुने स्पोर्ट्स शूज वापरायचे, बाहेर रस्त्यावर मस्त, आत ओल्या टाईल्सवर साबणाची वडी. हातात ग्लासांचा रॅक, डिशवॉशरच्या पुढ्यात पाणी सांडलेलं, उजवी टाच टेकवली आणि ती तशीच पुढे गेली. रॅक सोडायचा नाही म्हणून एका हाताने धरून ठेवला (का ते विचारू नका, ग्लास फुटले की आधी ग्लासच मोजतात) आणि दुसरा हात जमिनीला टेकवला, सगळं वजन त्याच मनगटावर. क्रॅक. सहा आठवडे प्लास्टर. सुपरवायझरचं पहिलं वाक्य, "बघून चालायचं ना ताई." रजिस्टरमध्ये कारण काय लिहिलं तर कामगाराचा निष्काळजीपणा. पाणी कुठून आलं हा प्रश्न त्या रकान्यात नव्हताच. आणि खरं सांगते, मी नशीबवान, कारण तीन पावलं पुढे उकळत्या तेलाचा फ्रायर आहे, तिथे पाय सटकला असता तर आधारासाठी हात कुठे गेला असता त्याचा विचार अजूनही कधीकधी रात्री येतो.

मग प्लास्टरमध्ये बसल्या बसल्या बुटांचं वाचायला घेतलं आणि पहिलीच गोष्ट कळली ती अशी की आपण सगळे "ऑइल रेझिस्टंट" हा शब्द चुकीचा वाचतो. लेबलवर एफओ अशी अक्षरं असतात, त्याचा अर्थ एवढाच की सोल तेलाने फुगणार नाही, सडणार नाही. तेलावर घसरणार नाही असा त्याचा अर्थ अजिबात नाही! आमच्या किचनमधल्या निम्म्या लोकांनी हाच शब्द बघून बूट घेतलेत, मी पण एकदा घेतलेले.

घसरण्याचं वेगळं छापतात. कामाच्या बुटांना आयएसओ २०३४७ हे स्टँडर्ड आहे, आणि आयएसओ २०३४५ म्हणजे ते सेफ्टी शूज ज्यात बोटांवर टोपी असते जी २०० जूलचा मार झेलते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटं वाचतात. जुन्या लेबलांवर एसआरए, एसआरबी, एसआरसी असं यायचं. एसआरए म्हणजे साबणाचं पाणी टाकलेल्या सिरॅमिक टाईलवर टेस्ट केलेला, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन (ते तेलाच्या जागी धरतात) लावलेल्या स्टीलवर, एसआरसी म्हणजे दोन्हींत पास. २०२२ च्या नव्या आवृत्तीत ही तिन्ही अक्षरं गेली, साबणपाण्याची टेस्ट सगळ्यांनाच कंपल्सरी झाली आणि त्याच्यावर टाईलवरच्या ग्लिसरीनमध्ये पण पास झाला तर एसआर छापतात. दुकानात अजून दोन्ही प्रकारची लेबलं दिसतात म्हणून गोंधळ होतो. माझ्या बुटांवर एसआरसी आहे.

आता यातली मेख सांगते जी मला सगळ्यात जास्त पटली. जुन्या टेस्टमध्ये साबणपाण्यावर पास व्हायला घर्षणाचा आकडा सपाट पावलाला ०.३२ आणि टाचेला ०.२८ लागायचा, आणि ग्लिसरीनवर मात्र ०.१८ आणि ०.१३ आला तरी पास. म्हणजे पास झालेला बूटसुद्धा तेलकट जागेवर साबणाच्या निम्मीच पकड देत असू शकतो, आणि आपण माणसं घसरतो ती बहुतेक टाच टेकते त्या क्षणीच, जिथे आकडा सगळ्यात कमी. तर बुटावर नॉन-स्लिप लिहिलंय म्हणून तेल सांडलेल्या जागेवरून पळत जायचं नसतं. आमच्याकडे नवीन पोरं नवे बूट घातले की दोन दिवस अशी चालतात की जणू फरशी त्यांच्या बापाची.

असो, बूट. पहिला आठवडा त्रासाचा. टाचेच्या मागे फोड आला, चवड्याला थोडं घट्ट वाटलं, मायक्रोफायबर चामड्यासारखं लगेच सैल पडत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ठीक. पण पकड मात्र पहिल्या दिवसापासून जाणवली, डिशवॉशरसमोरच्या त्याच जागी पाऊल ठेवलं तर पाय जागेवर राहिला, एक बारीकसा चुक् असा आवाज आला आणि राहिला. मी मुद्दाम तीन-चारदा ठेवून बघितलं, बाजूचा मुलगा हसत होता, हसू दे.

तीन आठवड्यांनी पकड गेली.

म्हणजे मला वाटलं गेली, फसवलं आपल्याला, आता रिटर्न करायचे. पॉट वॉशच्या, म्हणजे मोठी पातेली धुतात त्या, कोपऱ्यात पाय दोनदा हलला. ब्रेकमध्ये बूट उलटा करून बघितला तर सोलवर नक्षीच नव्हती. त्या ज्या बारीक बारीक खाचा असतात ना, ज्यातून पाणी बाजूला पळून जातं आणि रबराच्या कडा फरशीला भिडतात, त्या सगळ्या गच्च भरलेल्या. तेल, पीठ, केस, टिश्यूचे लगदे, सगळं मिळून काळपट मेणचट लेप झालेला, नखाने खरवडला तर मेणबत्तीच्या मेणासारखा निघाला. खाली नखभर खाच जशीच्या तशी शाबूत. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश घेऊन एका बुटाला एक मिनिट घासलं, साबण नीट धुऊन काढला (हे महत्त्वाचं, खाचेत साबण राहिला तर अजून घसराल) आणि तो चुक् आवाज परत आला.

म्हणजे हा बूट नाही, हे रोज धुवायचं भांडं आहे. आणि इथेच माझा अर्धा स्टार गेला, कारण बॉक्सवर, आतल्या कागदावर, कुठेच ही गोष्ट लिहिलेली नाही. ओल्या कपड्याने पुसा, उन्हात वाळवू नका, एवढंच. सोलबद्दल एक शब्द नाही. पण कंपनीला तरी किती बोलायचं, मुळात दोन मिनिटं आणायची कुठून? शिफ्ट संपली की पंच करायचं, पंच केल्यावर आत थांबायचं नाही, पंच करायच्या आधी मशीन उपसायची, ड्रेनची जाळी काढायची, फ्लोअर करायचा. बूट घासणं हे काम कोणाच्याच रोस्टरमध्ये नाही. मी आता युनिफॉर्म बदलायच्या खोलीबाहेर मोरी आहे तिथे घासते, माझ्या वेळेत. तिथे एक ब्रश दोरीने बांधून ठेवलाय, नाहीतर तोही भांड्यांत जातो.

फ्लोअरचं निघालंच आहे तर एक सांगते, बूट कितीही चांगला असू दे, फरशी चुकीची धुतली तर काही उपयोग नाही. डीग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढायचं केमिकल, टाकतात, लगेच वायपर मारतात, झालं. अहो ते अल्कली असतं, चरबीवर पडलं की तिचा साबणच बनवतं, त्याला थोडा वेळ द्यायला लागतो, मग दांड्याच्या ब्रशने घासायचं, मग स्वच्छ पाण्याने काढायचं, मग वायपर. न घासता नुसता मॉप फिरवला तर एका कोपऱ्यातलं तेल सगळ्या किचनला वाटून टाकलं जातं, प्रत्येकाला समान हिस्सा. आणि कृपा करून ब्लीच आणि मशीनचा चुना काढायचं अ‍ॅसिड एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, आमच्याकडे एकाने ड्रेन साफ होईल म्हणून दोन्ही ओतलं आणि सगळा सेक्शन डोळे पुसत, खोकत बाहेर.

बरं ते पाणी येत कुठून होतं? मी परत जॉइन झाले तेव्हा नवे बूट पायात आणि डिशवॉशरसमोर तेच तळं. पिवळा 'फरशी ओली आहे' वाला स्टँड तिथे कायमचा उभा, इतका कायमचा की लोक त्याच्यावर फडका वाळत घालायचे. मेंटेनन्सचा नवीन माणूस आला, त्याने डिशवॉशरचं दार उघडलं, खालच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवलं, एका जागी बोटाएवढी चीर. पट्टी बदलायला पंधरा मिनिटं लागली. माझं मनगट, सहा आठवडे, नवे बूट, तो स्टँड, आणि कारण एक फाटलेलं रबर. तेव्हापासून त्या जागी जुने स्पोर्ट्स शूज घालून उभं राहिलं तरी चालेल अशी कोरडी फरशी असते. सेफ्टीवाले लोक धोका कमी करायची एक उतरंड सांगतात, आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर बदली काहीतरी वापरा, मग मशीनमध्ये-जागेत सुधारणा, मग कामाची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायच्या वस्तू. बूट त्या उतरंडीत तळाला. प्रत्यक्षात सगळीकडे सुरुवातच बुटापासून होते कारण बूट तुम्ही विकत घेता, रबरी पट्टी त्यांना घ्यावी लागते.

यावरून, पैसे. माझे बूट मीच घेतले. नंतर कळलं की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा करार आहे, क्रमांक १५५, त्याच्या कलम २१ मध्ये चक्क लिहिलंय की सुरक्षेच्या उपायांचा कुठलाही खर्च कामगारावर पडता कामा नये. आणि २०२२ मध्ये त्याच संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हा मूलभूत हक्कांमध्ये घेतला. कुठल्या देशाने काय मान्य केलं आणि कायद्यात काय उतरवलं ते वेगवेगळं आहे, पण एकदा तोंडी विचारून बघायला काय जातं. मी विचारलं. "बघू" म्हणाले.

आता उभं राहण्याचं. बुटाच्या टाचेत झटका शोषणारा भाग आहे, लेबलवर त्यासाठी ई लिहितात, आणि त्याने टाचदुखी खरोखर कमी झाली. आधी सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, चार पावलं लंगडत गेलं की कमी व्हायचं. ते आता आठवड्यात एखादवेळीच. पण कंबर आणि पोटऱ्या जशाच्या तशा. त्याला बूट काय करणार, एकाच जागी उभं राहिलं की पोटरीचा स्नायू हलत नाही, आणि पायातलं रक्त वर ढकलायचं काम तोच करतो, मग रक्त खालीच साचतं, संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटतो, वर्षानुवर्षं झालं की शिरा निळ्या-जांभळ्या गाठी होऊन वर येतात. आमच्या सेक्शनला दहा वर्षं झालेल्या कुणाचीही पोटरी बघा. मी आता रॅक मशीनमध्ये असताना टाचा वर-खाली करते आणि सिंकखालच्या पाईपवर आळीपाळीने एक पाय ठेवते, कंबरेला तेवढाच आराम. चाललेलं बरं, उभं राहणं वाईट. रबरी मॅट पण चांगली असते पण तिच्या कडा उलटल्या की त्यालाच ठेच लागते.

ओलावा. हा दुसरा अर्धा स्टार. पूर्ण बंद बूट म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, पण वरून, घोट्याकडून एकदा आत गेलं की बाहेर पण पडत नाही. स्प्रे मारताना पँटवरून ओघळून आत जातंच. मग आठ तास तो पाय त्या डबक्यात. दुसऱ्या महिन्यात करंगळीच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, पांढरी भिजलेली कातडी, खाज, मग भेग. पावडर-बिवडर सगळं करून झालं, शेवटी उपाय निघाला तो दोन जोडांचा, आज हा उद्या तो, इनसोल काढून वेगळं वाळवायचं, आणि सुती मोजे बंद, सुती मोजा पाणी धरून बसतो, लोकर किंवा सिंथेटिक मिक्सवाला बरा. शिफ्टच्या मध्ये मोजे बदलायला एक जोडी खिशात. हे सगळं केल्यावर ठीक आहे, पण दोन जोड म्हणजे खर्च दुप्पट आणि वरचं कलम २१ आठवतं.

लेस नाही याचं कौतुक मात्र मनापासून. फ्रायरचं तेल साधारण १७० ते १८० अंशांना असतं, जाळीच्या कापडाच्या स्पोर्ट्स शूजवर पडलं तर कापड ते शोषून घेतं आणि पायाला चिकटवून ठेवतं, वर लेस सोडत बसा. आमच्या एका कमी (म्हणजे ज्युनियर कुक, कमी जास्तवाला नाही) च्या बुटावर कढईतलं तेल उडालं, त्याचे असेच बंद बूट होते, बरंचसं वरून ओघळून गेलं, त्याने पायाच्या एका झटक्यात बूट लाथाडला आणि पाय नळाखाली. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. २० मिनिटं म्हणजे किती असतात ते ऑर्डरच्या गर्दीत नळ अडवून उभं राहिल्यावर कळतं, तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी "झालं का रे" विचारतंच. आम्ही दोघींनी त्याला हलू दिलं नाही. कातडी लाल झाली, बाकी काही नाही.

साईजबद्दल बायकांसाठी खास. या बुटांचे साचे मुळात पुरुषांच्या पायावर बेतलेले, लहान नंबर मिळतच नाहीत, मिळाला तरी रुंदी तीच, मग टाच आत वर-खाली होते. टाच आत सटकतेय तर सोल कितीही चिकटू दे, पाय बुटात घसरतो, बूट फरशीवर नाही, पडायचं ते पडताच. आमची एक मुलगी पुढे कापूस भरून घालायची. माझ्या ब्रँडमध्ये लेडीज लास्ट (म्हणजे बायकांच्या पायाचा साचा) म्हणून वेगळा नंबर होता, तो शोधा. आणि ट्राय संध्याकाळी करा, कामाचे मोजे घालून, कारण संध्याकाळी पाय सुजलेला असतो, सकाळी परफेक्ट बसलेला बूट रात्री चावतो.

जास्तीचे घेऊन ठेवायचा मोह होतो, तो टाळा. पॉलियुरेथेनचा थर असलेला सोल नुसता कपाटात पडून पडून हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. मी एक जोड सेलमध्ये घेऊन काही वर्षं ठेवलेला, बॉक्समधून काढला तेव्हा नवाकोरा, दुसऱ्या तासाला फरशीवर काळे चुरे पडायला लागले, मला वाटलं कुणाचं काहीतरी जळलंय, बघते तर माझीच टाच.

आता सात महिने झाले. एका जोडाची उजव्या टाचेची बाहेरची कड गुळगुळीत झालीय, मी तशी पाय टाकते वाटतं. अंगठ्याचं टोक त्या जागेवर फिरवलं तर खाच लागतच नाही. वरून बूट अजून चकचकीत, कोणालाही वाटेल नवीन आहे, म्हणून वरून बघूच नका, उलटा करा. दुसरा जोड अजून तीनेक महिने जाईल. परत हेच घेणार का, हो, हेच, ऑर्डर पण टाकलीय.

संपलेला जोड मी काल कात्रीने टाचेपासून उभा कापूनच टाकला. मागच्या वेळी आधीचा जोड तसाच कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवशी पॉट वॉशला लागलेल्या नव्या पोराच्या पायात दिसला, दोन नंबर मोठा, खाली पार सपाट, आणि तो मला म्हणतो, "ताई, बघा, नॉन-स्लिप आहेत."